सांध्यांवरची जाळी

न्हाणीघराच्या भिंतीवर टाइल्स बसवण्यापूर्वी तिचे सांधे बुजवून घ्यावे लागतात. हे काम मी आजवर वाचलेल्या एकाही करारनाम्यात स्वतंत्र कलम म्हणून आलेले नाही. ‘भिंत तयार करून त्यावर टाइल्स बसवणे’ अशा एका ओळीत ते दडपलेले असते. ही ओळ लिहिणाऱ्या प्रत्येकाला समोर उभे करून मला विचारायचे आहे की, ‘तयार करून’ म्हणजे नेमके काय करून? टाइल एकदा चिकटली की तिच्यामागे काय आहे हे पाहण्याचा घरमालकाचा हक्क कायमचा संपतो. मग त्याच्या घरातली माणसे त्या पांढऱ्या, गुळगुळीत भिंतीला निःशंकपणे हात टेकून अंगावर पाणी घेत राहतात. या विषयावर मी पुष्कळ पत्रे लिहिली. ज्या दिवसामुळे ती लिहावी लागली, तो दिवस मात्र त्यांतल्या एकाही पत्रात आला नाही, कारण तक्रारअर्जात ‘मी घाबरलो होतो’ असे लिहिता येत नाही. इथे लिहितो.

ऐंशीचे दशक निम्म्याहून अधिक सरले होते. आम्ही गिरणगावातली चाळ सोडून चारकोपच्या सेक्टरात राहायला आलो होतो. वडील गिरणीत खपले. मी त्या वाटेला न जाता एका विमा कचेरीत लागलो आणि नोकरीची अखेरची वर्षे तिच्या अंधेरीच्या शाखेत, दावे विभागात काढली. चारकोपला तेव्हा घर म्हणून हाती येई ती एक खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि कोपऱ्यात न्हाणीघरासाठी सोडलेली जागा. बाकीचे ज्याने त्याने आपल्या सोयीने उभारायचे. आम्ही दोघेच असल्यामुळे कंबरेएवढी भिंत आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा पडदा एवढ्यावर आमचे भागत होते.

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी करायचे ठरले आणि ते भागेनासे झाले. बाळंतिणीची आंघोळ ही साधी आंघोळ नव्हे. अंगाला तेल चोळणार, कढत पाणी घेणार, मग शेगडीवर ओव्याची धुरी. त्यात वाऱ्याची झुळूक आत येता कामा नये, असे माझ्या पत्नीने बजावले होते. तान्ह्या बाळालाही तिथेच न्हाऊ घालायचे होते. पडदा चालणार नव्हता, छतापर्यंत भिंत हवी होती. विटांची भिंत घालावी तर ओट्यापुढे उभे राहायलाही जागा उरत नव्हती. आमच्या मिस्त्रीने उपाय सुचवला तो सिमेंटच्या सपाट पत्र्यांचा. मध्ये लाकडी चौकट, तिच्या दोन्ही अंगांना पत्रे, न्हाणीघराच्या बाजूने टाइल्स. ‘चार बोटांत भिंत बसते, काका,’ असे तो म्हणाला. त्या पत्र्यांच्या धुळीने फुप्फुसे जातात हे आम्हाला पुढे कळले. तेव्हा भीतीचे ते कलम अजून उघडायचे होते.

माझी भीती वेगळी होती आणि ती टेबलावर बसून कमावलेली होती. माणसे रस्त्यावर मरतात, कारखान्यात मरतात, आणि माझ्या टेबलावर आलेल्या कागदांत ती न्हाणीघरात मरत. ओल्या हाताने बटण दाबलेली, पाणी तापवायची कांडी बादलीत असतानाच बोट घालून पाहिलेली, नळाला हात लावून तिथेच चिकटलेली. कोणत्याही अनोळखी धातूला मी आजही आधी हाताची मागची बाजू लावतो. तळव्याला करंट लागला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. पालथा हात झटका बसून मागे येतो. हे मला कोणी शिकवले नाही. पालथा हात लावलेल्यांचे दावे आमच्याकडे येत नसत, एवढ्यावरून मी ते ताडले.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वी मी मिस्त्रीला स्वच्छ अक्षरात लिहून दिले होते की, न्हाणीघरात विजेची कोणतीही वायर असता कामा नये. त्याने मान डोलावली होती. वायरिंगही तोच करणार होता. आणि त्याने माझी अट तंतोतंत पाळली. न्हाणीघरात त्याने वायर घेतली नाही. ओट्यावरच्या बोर्डाला जाणारी वायर त्याने दोन पत्र्यांमधल्या पोकळीतून सोडली. ती पोकळी न्हाणीघरात मोडत नव्हती आणि स्वयंपाकघरातही मोडत नव्हती. पत्रे ठोकले गेले आणि वायर दिसेनाशी झाली. तेव्हा मी कचेरीत होतो.

पुढचे काम रविवारचे होते आणि ते मी खुर्ची टाकून पाहिले. दोन पत्र्यांच्या मध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट मुद्दाम ठेवली होती. मिस्त्रीने ती ब्रशने झाडली, ओली केली, चाळलेल्या बारीक रेतीत कालवलेले सिमेंट थापीच्या टोकाने आतपर्यंत दाबले. मग प्रत्येक सांध्यावर त्याने जाळीची पट्टी धरली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी छिद्रांची तारेची जाळी. टाइल्सच्या वजनाने सांधा तडकू नये म्हणून ती लावतात, हे बरोबरच आहे. उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, कोपऱ्यांत एकीवर दुसरी चढवलेली. खिळे पत्र्यातून आरपार लाकडी चौकटीत ठोकायचे आणि मग सगळ्यावर सिमेंटचा दुसरा हात. एक खिळा चौकटीत शिरताना जितका घट्ट जायला हवा तितका गेला नाही, भसकन आत गेला. तो आवाज मी ऐकला. मिस्त्री म्हणाला, लाकूड चुकलं असेल, आणि त्याने शेजारी दुसरा ठोकला.

त्यानंतर आठवडाभर भिंतीला पाणी मारायचे होते, मग टाइल्स. सिमेंटला पाणी मारणे ही आमच्यासारख्यांच्या घरात एक प्रकारची पूजाच असते. ताज्या कामाला दोन्ही वेळा पाणी मिळाले नाही तर सिमेंट फुसके राहते, हे चारकोपमधले शेंबडे पोरही सांगत असे, कारण तिथे प्रत्येक घरी काही ना काही बांधकाम चालू होते. ते काम माझ्या पत्नीने आपल्याकडे घेतले. ती उंचीने लहान, वरच्या सांध्यापर्यंत तिचा हात पोचेना. म्हणून तिने गावाहून आणलेला फणसाचा चौरंग न्हाणीघरात ठेवला. मुलीच्या लग्नात हळदीची आंघोळ त्याच चौरंगावर घातली होती. त्याच्यावर उभी राहून ती तांब्याने भिंतीवर पाणी ओती आणि दुसऱ्या हाताने ते सांध्यांवर सारवल्यासारखे पसरी. घरात चप्पल घालण्याचा प्रश्नच नव्हता.

मुलगी यायची त्या सकाळी मी कामावर निघालो होतो. पत्नी दारात बसून हातांना खोबरेल तेल चोळत होती. मी विचारले तर म्हणाली, “ह्यां शिमीट हाताक खाता हां लय. भिंतीक हात टेकलो की कोपरापर्यंत मुंग्यो येतत. हात काढलो की नाय. मिस्त्रीक विचारलंय, तो म्हणालो खोबरेल लावा.”

सिमेंट हाताला खाते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. गवंड्यांचे हात मी पाहिले होते. मी बरे म्हटले आणि बस पकडली. जावई दुपारी मुलीला मुलुंडहून टॅक्सीने आरे कॉलनीच्या रस्त्याने घेऊन येणार होता आणि तसाच कांजूरमार्गला कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणार होता. आठवा महिना लागला होता, धक्के बसू नयेत म्हणून टॅक्सी.

कचेरीत दुपारी माझ्यासमोर एका अपघाताची फाइल होती. कसल्या अपघाताची ते आता आठवत नाही आणि त्याला महत्त्वही नाही. दावेदाराला विचारण्याचे प्रश्न मी त्यात लिहीत होतो. दुखापतीचा कोणताही दावा असला तरी एक प्रश्न मी हमखास घालत असे: वेदना कारणाचा स्पर्श सुटताच थांबली की नंतरही टिकली? भाजणे, पोळणे, रसायन लागणे यांत ती टिकते. खोटे दावे पुष्कळदा इथेच उघडे पडत.

तो प्रश्न लिहिता लिहिता माझे पेन थांबले. सिमेंट हाताला खाते ते तासाभराने, रात्री, कातडी तडकल्यावर. आणि हात भिंतीवरून काढला म्हणून ते खायचे थांबत नाही. शिवाय सिमेंट कोपरापर्यंत चढत नाही.

मग तो भसकन आत गेलेला खिळा आठवला. मग एकीवर एक चढवलेल्या जाळीच्या पट्ट्या, म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत सगळ्या सांध्यांतून पसरलेली एक सलग तार. मग तो फणसाचा चौरंग. इतके दिवस पत्नी जिवंत राहिली ती त्या जाड लाकडावर उभी होती म्हणून. मुलीला चौरंगाची गरज नव्हती. ती उंचीला माझ्यावर गेली आहे. ती येणार, आईच्या हातातून तांब्या काढून घेणार, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून त्या भिंतीला हात लावणार. मला तिचा स्वभाव माहीत होता. आईला राबू देऊन ती बसून राहणारी नव्हती.

आमच्या सेक्टरात फोन होता तो औषधाच्या दुकानात. मी साहेबांच्या टेबलावरून तो नंबर फिरवत राहिलो, लाइन लागेना. साहेबांनी काय झाले म्हणून विचारले, तेव्हा मला नीट सांगता येईना. भिंत, एवढेच म्हणालो बहुधा. टोपीही न घेता खाली उतरलो.

अंधेरीहून चारकोपला रिक्षाने जाणे म्हणजे तेव्हा चैन होती आणि रिक्षावाल्यालाही ती नकोच होती. पहिल्याने मान हलवली. दुसरा म्हणाला, “चारकोप नहीं जाएगा साब, उधर से खाली आना पड़ता है.” मी त्याच्या परवान्याच्या अटी त्याला म्हणून दाखवल्या. भाडे नाकारणे हा गुन्हा कसा होतो, तक्रार कुठे करता येते, हे सगळे मी इतक्या शांत आणि बारीक आवाजात सांगितले की त्याने मीटर टाकले. नंतर म्हणाला, “बैठो. घर में कोई सीरियस है क्या?” अजून नाही, असे मी म्हणालो आणि माझ्याच तोंडचे ते दोन शब्द मला सबंध रस्ताभर ऐकू येत राहिले.

घोडबंदर रस्त्यावर, म्हणजे आजच्या एस. व्ही. रोडवर, ट्रकांची रांग लागली होती. मालाडपाशी रिक्षा उभी राहिली ती हलेचना. मी हिशेब करू लागलो की टॅक्सी आरेतून निघून गोरेगावला लागली असेल का, तिचे टायर पंक्चर झाले तर किती बरे होईल. आपल्या गरोदर मुलीची टॅक्सी रानातल्या रस्त्यावर बंद पडो, असे मनोमन म्हणणारा बाप मी होतो. पंक्चर, तापलेले इंजिन, रस्त्यात आडवा आलेला गाईम्हशींचा कळप, जे मिळेल ते मागत होतो. कोणाकडे मागत होतो ते मला माहीत नाही. मी फारसा देवाधर्माचा नव्हे.

कांदिवलीहून आत वळल्यावर इंडस्ट्रियल इस्टेटच्या कोपऱ्यावर समोरून एक टॅक्सी आली आणि आमच्या बाजूने निघून गेली. मागच्या सीटवर जावई बसला होता का, ते वेगात नीट दिसले नाही.

दाराशी पोचलो तेव्हा उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना भाकरीचे तुकडे पडलेले होते. पत्नीने मुलीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, पाणीही शिंपडलेले होते. म्हणजे ती आली होती आणि आत गेली होती. तिच्या चपला बाहेर एकीशेजारी एक नीट ठेवलेल्या होत्या. आणि त्यांच्या पलीकडे, भिंतीशी, तो फणसाचा चौरंग उभा करून ठेवला होता. अजून ओला होता. पोटुशीला ठेच लागू नये म्हणून पत्नीने तो न्हाणीघरातून काढून बाहेर आणला होता.

हे मी आजवर अनेकांना सांगितले आहे, पण त्या चौरंगाकडे पाहून काय झाले ते सांगता येत नाही. 

आत रेडिओ चालू होता, पंखा फिरत होता, पत्नी ओट्याशी चहा ठेवत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. न्हाणीघराचे दार अर्धे उघडे होते. बाहेरून आले की आधी पाय धुवायचे, ही आमच्या घराची शिस्त. मुलगी तेच करत होती. एका हाताने तिने साडी घोट्यांच्या वर धरली होती. नळ धो धो सोडला होता. पाण्यात उभी राहून ती एका पायाने दुसरा पाय चोळत होती, म्हणजे एका पायावर उभी होती, आणि पोटाच्या भाराने तिचा तोल किंचित डुलत होता. दुसरा हात हवेत होता. आधाराला काहीतरी शोधणारा, वर आलेला, तळवा पुढे केलेला हात. भिंत त्या तळव्यापासून वीतभरही लांब नव्हती.

तिला हाक मारावी, हे साहजिक होते. माझे तोंड उघडलेही. पण अचानक मागून बापाने ओरडल्यावर एका पायावर उभी असलेली गरोदर बाई काय करते, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसले. ती दचकते आणि भिंत धरते. आयुष्यभर ज्या आवाजाने मी कचेऱ्यांमधली माणसे उठवून बसवली तो आवाज मी गिळला. मेन स्विच खोलीच्या दाराच्या बाजूलाच होता. लोखंडी पेटी, बाजूला खटका. मी उंबऱ्यातून पाऊलही आत न टाकता हात लांब करून तो खाली खेचला.

रेडिओ गाण्याच्या मध्यावर थांबला. न्हाणीघरातून मुलीचा आवाज आला, “आई, लाइट गेली गं.” आणि तिने आरामात, सबंध तळवा टेकून, भिंतीचा आधार घेतला. वर पंख्याची पाती अजून फिरत होती.

 मी मागे सरलो, तो चौरंग आडवा टाकला आणि त्यावर बसलो. पत्नी दारात आली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “अहो, आज येवढ्यात? आणि त्या ओल्या चौरंगार कित्याक बसलात?” मुलगी तिच्यामागून ओले पाय घेऊन आली, माझा चेहरा पाहून तिला हसू आले. “बाबा, कोणाला नोटीस देऊन आलात आज?”

मी सांगितले की भिंतीला करंट आहे. पत्नीला ते पटले नाही. सिमेंट आहे ते, म्हणाली, आठवडा झाला मी पाणी मारते आहे, मी मेल्ये का? मी वाद घातला नाही. दोघींना बाहेर गल्लीत उभे केले. शेजाऱ्यांकडून टेस्टर आणला. कपाटातले जुने रबरी बूट चढवले, चौरंग आत नेऊन त्यावर उभा राहिलो, आणि मग पत्नीला बाहेरूनच खटका वर करायला लावला. सांध्यावरचे ओले सिमेंट खरवडून जाळीच्या तारेला टेस्टरचे टोक लावले. त्याच्या पोटातला नारिंगी दिवा लागला. आडव्या पट्टीवर लागला, उभ्या पट्टीवर लागला, कोपऱ्यात लागला, अगदी खाली पायाच्या घोट्याएवढ्या उंचीवरही लागला. पत्र्याच्या मध्यभागी जिथे नुसताच ओलावा होता तिथेही तो अंधुक पेटला. अख्खी भिंत. टाइल्स यायच्या होत्या दोन दिवसांनी.

मी वळून पाहिले तेव्हा पत्नी खिडकीच्या गजांतून आत पाहत होती. तिने तो दिवा पाहिला होता.  आपले दोन्ही तेलकट हात तिने पदराला पुसले, मग पुन्हा पुसले, आणि मुलीला धरून शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला टेस्टर लावून दाखवला. त्याने डोके खाजवले आणि खिळा आहे, कुठेतरी लागणारच, असे म्हणाला. नंतर त्याने जे सांगितले ते मी शब्दशः जपून ठेवले आहे, कारण माझा सगळा संताप त्या वाक्यावर उभा आहे.

“काका, उगाच टेन्शन घेता तुम्ही. एकदा टाइल लागली ना, की भिंत बंद. मग कोणाला कळणार पण नाय.”

मी त्याला म्हणालो, “बाबा रे, कळणार नाही याचीच मला भीती वाटते.”

त्याला ते कळले की नाही कोण जाणे. त्याने आणखी एक तोड सुचवली. बाळंतपण होईपर्यंत भिंत कोरडी ठेवा. बाळंतपणासाठी बांधलेले न्हाणीघर बाळंतपण होईपर्यंत कोरडे ठेवा! मी त्याच्याकडून सगळी जाळी उपटवून घेतली, एकेक खिळा पक्कडीने काढायला लावला आणि प्रत्येक खिळा बाहेर येताना समोर उभा राहिलो. भसकन गेलेल्या त्या खिळ्याच्या टोकाला तांबे लागलेले होते, केसाएवढे, चकाकणारे. पोकळीतली वायर काढून ती ओट्याच्या बाजूने, उघड्यावर, लाकडी पट्टीवरून नेली. बघणाऱ्याला कुरूप दिसे. मला ती कुरूपताच हवी होती, मला दिसणारी वायर हवी होती.

सांधे पुन्हा भरले ते तारेशिवाय. गोणपाटाचे विरळ विणीचे लांब पट्टे कापून पातळ सिमेंटमध्ये भिजवले, सांध्यांवर दाबून बसवले आणि वरून हात फिरवला. हे टिकणार नाही, टाइल्स पडतील, अशी ग्वाही मिस्त्रीने दिली. पडू देत, म्हटले, पडलेली टाइल कोणाला मारत नाही. त्यावर तो प्रथमच हसला आणि म्हणाला, डोक्यावर पडली तर मारते, काका.

पुन्हा पाणी मारायची पाळी आली तेव्हा पत्नी न्हाणीघराच्या दाराशी यायलाही तयार होईना. ज्या भिंतीला तिने आठवडाभर हाताने सारवले होते तिच्याकडे ती आता लांबूनही पाठ करी. ते काम मी केले. सकाळी मेन स्विच खाली करून, चौरंगावर उभा राहून, तांब्याने. आणि खरे सांगायचे तर वायर तिथे नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असूनही पहिल्यांदा ओल्या सांध्याला पालथा हात लावताना माझे दात वाजत होते. मुलगी तोवर ओट्यापलीकडच्या छोट्या मोरीत, पडदा लावून, बसून आंघोळ करी. रात्री तिने कुशीवर वळताना नुसता हुंकार दिला तरी मी उठून बसत असे. पोटातल्या बाळाला काही झाले नसेल ना, हा प्रश्न मला डॉक्टरांना विचारायचा होता. पण करंट लागलाच नव्हता, लागला असता म्हणून विचारायचे कसे? कायद्यात घडलेल्या नुकसानीची भरपाई असते. थोडक्यात टळलेल्याची नसते. या मुद्द्यावर मी घर वाटप करणाऱ्या कचेरीला लिहिले, वीजपुरवठा करणाऱ्यांना लिहिले, मिस्त्रीला पोचपावतीसह लिहिले. एकाचेही उत्तर आले नाही. मी स्मरणपत्रे पाठवली. त्यांचेही आले नाही.

भिंत सुकली, टाइल्स बसल्या. पांढऱ्या, साध्या. पहिल्या दिवशी मी प्रत्येक टाइलच्या फटीला टेस्टर लावून पाहिला. कुठेही दिवा लागला नाही, आणि टेस्टरच बिघडला असावा म्हणून मी तो ओट्यावरच्या बोर्डात घालून तपासला.

मग मुलगी प्रसूत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. न्हाऊ घालायला चारकोप गावठाणातली एक ख्रिस्ती आजी येई. त्या भागातली कितीतरी पोरे तिच्या पायांवर न्हाली होती. ती पाटावर बसून दोन्ही पाय लांब करी, पायांवर बाळ पालथे घेई आणि पाठ बिनधास्त भिंतीला टेके. मी पहिल्याच दिवशी जाहीर केले की बाळाची आणि बाळंतिणीची आंघोळ चालू असताना घरातली वीज बंद राहील. आजीला ते विचित्र वाटले, तिला दिवा हवा होता. पत्नीने तर मला घरात सगळ्यांसमोर फैलावर घेतले. वायर काढली, खिळे काढले, भिंत नवी झाली, आता काय करंट देव आणून सोडणार आहे का, असे तिचे म्हणणे. मुलगी म्हणाली, “जाऊ दे गं आई, बाबांचा कायदा आहे तो.” मी ऐकले नाही. रोज गरम पाण्याचा हंडा आत गेला की मी उठून खटका खाली करी, आंघोळ आटोपून शेगडीचा धूर सुरू झाला की वर करी. उकाड्याने सगळे वैतागत.

एके सकाळी दाढी करताना मला उशीर झाला. आतून पाण्याचा आवाज आला, बाळ रडले, आजीचे गुणगुणणे सुरू झाले. तोंडाला साबण तसाच ठेवून मी धावत मेन स्विचकडे गेलो.

खटका आधीच खाली होता. पत्नी ओट्याशी पाठमोरी उभी राहून ओवा निवडत होती. मी परत जाऊन उरलेली दाढी केली.